तिसऱ्या सिलिंडरचे शंभर पाउंड

आमच्या घरात एखादा निर्णय घ्यायचा असला की प्रथम मते मांडली जात, मग त्यांवर वाद होई, मग जेवण होई आणि मोजमाप, झालेच तर, सर्वांत शेवटी होई. मी शाळेत आठवी ते दहावीला भौतिकशास्त्र शिकवत असे, त्यामुळे हा क्रम मला मुळीच मान्य नव्हता. पण माझ्या मान्यतेला घरात शाळेतल्याइतके वजन नव्हते, म्हणून मी बहुधा गप्प राहत असे. हा क्रम उलटा करण्याची संधी मला एकदाच मिळाली, आणि ती आमच्या गाडीने दिली.

ऐंशीच्या दशकातली, साधारण मधल्या वर्षांतली ही गोष्ट आहे. आम्ही पार्ल्याला एका तीन मजली सोसायटीत राहत होतो. घरात आई, वडील, मी आणि माझा धाकटा भाऊ. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते एका कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. त्या काळी रस्त्यावर मुख्यतः दोनच प्रकारच्या गाड्या दिसत, एक मोठी आणि एक लहान. आमची लहान होती, राखाडी रंगाची, आणि दादांकडे येण्यापूर्वीच कोणीतरी भरपूर वापरलेली. दादांनी ती वीस वर्षे चालवली, पण ती धावल्याचे मला आठवत नाही. ॲक्सिलरेटर हा दाबण्यासाठी नसून पाय टेकण्यासाठी असतो, असा दादांचा सिद्धान्त होता. सायकलवाले आम्हाला मागे टाकत, तेव्हा दादा त्यांच्याकडे अनुकंपेने पाहत आणि म्हणत, "घाई आहे बिचाऱ्याला."

या गाडीचे सर्वांत महत्त्वाचे काम गुरुवारी असे. मुलुंडला माझी मावशी राहत होती, आईची थोरली बहीण. पडल्यामुळे तिचे खुब्याचे हाड मोडले होते आणि ती वर्षभर अंथरुणाला खिळलेली होती. आई दर गुरुवारी दुपारी तिच्याकडे जाई, तिची वेणी घाली, तिच्याशी भांडे आणि दिवेलागणीला परत येई. आईचा डावा गुडघा दुखरा होता. आगगाडीने जायचे तर दादरला पूल चढून दुसऱ्या बाजूला जावे लागे, आणि ते तिला शक्य नव्हते. रिक्षाचे धक्के तिला अंधेरी-कुर्ला रस्त्यापर्यंतही सोसत नसत. म्हणजे मावशी आणि आई यांच्यामध्ये ही राखाडी गाडी हा एकच दुवा होता.

तो दुवा एका गुरुवारी पवईच्या चढावर निखळला. गाडी काही महिन्यांपासून कुरकुरत होतीच. सकाळी लवकर सुरू होत नसे, आणि सुरू झाली तरी थोडी लंगडल्यासारखी चाले. त्या दिवशी ती चढावर आधी मंदावली, मग थरथरली आणि मग थांबली. मागून ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवले. दादांनी आईला, "जरा उतरतेस का, वजन कमी होईल," असे विचारले. आई उतरली, दुखऱ्या गुडघ्याने तो चढ चालत चढली आणि वर पोहोचून गाडीची वाट पाहत उभी राहिली. त्या संध्याकाळी ती दादांशी अतिशय सौजन्याने बोलत होती. आमच्या घरात याहून गंभीर लक्षण दुसरे नव्हते.

त्यानंतर पाच गुरुवार गाडी आवारातून हलली नाही. पहिल्या मेकॅनिकने बॉनेट न उघडताच सांगितले की रिंगा गेल्या, इंजिन उतरवावे लागेल. दुसऱ्याने बॉनेट उघडले, आत पाहून एक उसासा टाकला आणि विकण्याचा सल्ला दिला. माझा भाऊ व्यवहारी होता. त्याने कुर्ल्याचा एक माणूस गाठला, जो जुन्या गाड्या घेऊन त्यांचे सुटे भाग विकत असे. रविवारी दुपारी बारा वाजता तो गाडी पाहायला येणार होता.

"आणि आईचं मुलुंड?" मी विचारले.

"महिन्यातून एकदा टॅक्सी करू ना. ताई, तू पण भावनेच्या भरात बोलायला लागलीस तर वाट लागली."

"मी भावनेच्या भरात बोलत नाही. मी एवढंच विचारते, की कुणी मोजलं का?"

कोणीच मोजले नव्हते.

म्हणून शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी अंधेरीला एका गॅरेजमध्ये गेले. त्याचा मालक मालवणकडचा होता. पूर्वी तो एका कापड गिरणीत यंत्रे दुरुस्त करत असे आणि गिरणी बंद पडल्यावर त्याने हे गॅरेज काढले होते. त्याची एक मुलगी माझ्या वर्गात होती, त्यामुळे तो मला बाई म्हणे आणि माझ्यासमोर बसत नसे. त्याच्याकडे कम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, मोजण्याचे काट्याचे गेज होते. मी त्याला विचारले की या इंजिनात दाब किती असायला हवा.

"इंजिन चांगला असला तर सव्वाशे पाउंडाच्या आसपास," तो म्हणाला. "शंभराच्या खाली गेलो तर मग कायतरी मोठा काम आसा, बाई."

शनिवारी रात्री जेवताना मी घरात करार घडवून आणला. इंजिनाचा दाब सर्वांसमोर मोजायचा. चार सिलिंडरांपैकी एकाचाही दाब शंभरपेक्षा कमी भरला तर गाडी कुर्ल्याच्या माणसाला द्यायची. चारही शंभर किंवा वर असले तर गाडी राहील आणि विक्रीचा विषय पुन्हा निघणार नाही. भाऊ हो म्हणाला. दादाही हो म्हणाले, पण त्यांचा घास हातातच राहिला होता.

आई म्हणाली, "चार सिलिंडर? घरात नंबर लावून एक मिळत नाही, आणि हिच्यात चार?"

मी तिला समजावून सांगितले की हे सिलिंडर म्हणजे इंजिनातल्या नळ्या. प्रत्येक नळीत एक दट्ट्या वर-खाली होतो, हवा आणि पेट्रोल दाबून धरतो, मग ठिणगी पडते आणि स्फोट होतो. दाबच नसेल तर स्फोट नेभळट होतो. सायकलच्या पंपाच्या तोंडाशी बोट धरून दांडा दाबला की बोटाला हवा ढकलते, तसेच. हवा दट्ट्याच्या कडेने निसटली तर दोष त्याच्याभोवतीच्या रिंगांचा, आणि वरच्या झडपांतून निसटली तर दोष झडपांचा.

"म्हणजे कुकर," आई म्हणाली. "रबर गेलं तरी वाफ जाते आणि शिटी नीट बसली नाही तरी जाते. डाळ कच्चीच राहते. यात पंप कशाला आणलास?"

पुढच्या वर्षापासून मी वर्गात कुकरचेच उदाहरण दिले.

रविवारी सकाळी नऊ वाजता मालवणी मेकॅनिक आला. मोजणी गरम इंजिनावर करायची असते, म्हणून दादांनी गाडी आधीच सुरू करून ठेवली होती, म्हणजे तिसाव्या प्रयत्नात ती सुरू झाली होती. आता ती बंद केली. मेकॅनिकने चारही प्लग काढून एका फडक्यावर ओळीने ठेवले आणि ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर काढली. पहिल्या प्लगच्या भोकात गेजचे रबरी टोक दाबून धरून त्याने दादांना हाक मारली. दादा चालकाच्या जागेवर बसले होते. पायातल्या चपला त्यांनी बाहेर काढून ठेवल्या होत्या. तो त्यांचा नेहमीचा रिवाज होता. काटा वाचून वहीत आकडा लिहिण्याचे काम माझे होते.

"ॲक्सिलरेटर फुल्ल दाबून धरा, दादा, आणि किल्ली मारा!"

"दाबलाय!" आतून आवाज आला. इंजिन घुर्रघुर्र करत पाच-सहा वेळा फिरले. काटा चढला आणि थांबला.

पहिल्याचा दाब त्र्याहत्तर भरला. दुसऱ्याचाही त्र्याहत्तर. तिसऱ्याचा अडुसष्ट. चौथ्याचा बहात्तर.

भाऊ माझ्या खांद्यावरून वही पाहत होता. वास्तविक तो जिंकला होता, पण त्याचा चेहरा जिंकल्यासारखा दिसेना. पहिल्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत आई उभी होती. तिने वरूनच विचारले, "किती?"

मी वहीचे पान तळहाताने झाकले.

मेकॅनिकने कपाळावरचा घाम पुसला आणि एक चमचा तेल पहिल्या सिलिंडरमध्ये सोडले. यामागचे तत्त्व सोपे आहे. रिंगा झिजल्या असतील तर तेल त्यांच्या कडेची फट तात्पुरती बुजवते आणि दाब एकदम वाढतो. झडपांपर्यंत तेल पोहोचत नाही, त्यामुळे दोष त्यांच्यात असेल तर दाब तसाच राहतो. त्याने पुन्हा मोजले. काटा जेमतेम दोन पाउंड पुढे गेला.

"रिंगा नाय," तो म्हणाला. "पण चार सिलिंडरांच्या झडपी एकदम कशा जातील? हे काय संपावर गेले?"

शाळेत शिकवताना एक गोष्ट मला अनुभवाने कळली होती. वर्गातल्या एका मुलाचे उत्तर चुकले तर त्या मुलाचे काहीतरी चुकलेले असते. पण साऱ्या वर्गाचे उत्तर एकाच तऱ्हेने चुकले, तर मुलांकडे पाहण्यात अर्थ नसतो. प्रश्नपत्रिका तपासावी, किंवा आपण काय शिकवले ते आठवावे. चारही सिलिंडर एकाच तऱ्हेने नापास झाले होते. म्हणजे दोष चौघांना सामाईक असलेल्या कशाततरी असला पाहिजे.

"गेज बरोबर आहे ना?"

"काल दुसऱ्या गाडीक लावलंय. बरोबर आसा."

"बॅटरी?"

"इंजिन जोरात फिरता मा? मग बॅटरी ठीक."

मग उरली हवा. चारही सिलिंडरांना हवा एकाच वाटेने मिळते, आणि ती वाट ॲक्सिलरेटर दाबल्यावरच पूर्ण उघडते. मी गाडीला वळसा घालून चालकाच्या दाराशी गेले आणि आत डोकावले. दादांचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते, नजर समोर होती आणि उजवा पाय ॲक्सिलरेटरवर देवळाच्या पायरीला स्पर्श करावा तसा अलगद टेकलेला होता.

"दादा, तुम्ही पूर्ण दाबलंय?"

"हो. हे काय."

"हे दाबणं नाही, हे टेकणं झालं."

दादांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "अगं, प्लग काढलेत. गाडी सुरू होणार नाही हे ठाऊक आहे. मग उगाच पेट्रोल कशाला पाजायचं तिला?"

तत्त्वतः त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. फक्त त्यामुळे इंजिनाला श्वास घेता येत नव्हता आणि आम्ही नाक दाबून धरलेल्या माणसाची छाती तपासत होतो.

"आता फुल्ल दाबा," मेकॅनिक म्हणाला. दादांनी दाबले. मी वाकून पाहत होते. पाय अर्ध्यापर्यंत गेला, तिथे त्याला कसलीशी आठवण झाली, आणि किल्ली फिरताच तो आपोआप वर आला. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा पाय परत आला. वीस वर्षांचे वळण एका रविवारी जात नाही.

"मी बसतो," भाऊ म्हणाला.

"तू नाही," दादा ठामपणे म्हणाले. "तू विकणारा पक्ष आहेस."

"मग काय सोसायटीचा सेक्रेटरी बोलावू?"

इतक्यात आई खाली आली. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत ती केव्हा निघाली होती, ते आमच्या ध्यानातही आले नव्हते. तिने दादांना हाताने खूण केली. "उठा."

"अगं, तुला येत नाही."

"काय येत नाही? पाय दाबायला? उजवा गुडघा चांगला आहे माझा. उठा."

वीस वर्षांत आई त्या जागेवर प्रथमच बसली. मेकॅनिकने गेज लावले आणि म्हणाला, "आई, फुल्ल दाबा हां." आईने पाच गुरुवारांचे सारे म्हणणे त्या पायात एकवटले आणि ॲक्सिलरेटर तळाशी नेऊन भिडवला.

"अगं, हळू! तुटेल!" दादा ओरडले.

"तुम्ही बोलू नका. किल्ली कुठं फिरवायची ते सांगा."

पहिला एकशे अठरा. दुसरा एकशे वीस. भाऊ आता वहीकडे न पाहता थेट काट्याकडे पाहू लागला. चौथा एकशे सोळा. आणि तिसरा, जो मेकॅनिकने मुद्दाम शेवटी ठेवला होता, सत्तर. तेल घालून पाहिले, तरी सत्तरच.

आता चित्र स्पष्ट झाले. तीन सिलिंडर ठणठणीत होते आणि तिसऱ्याची एखादी झडप नीट मिटत नव्हती. पण करारही तितकाच स्पष्ट होता. आईने आतून विचारले, "काय झालं?" आणि मी सत्तर हा आकडा मोठ्याने वाचला. माझ्या वहीतला कोणताही आकडा मोठ्याने वाचणे मला इतके जड गेल्याचे स्मरत नाही. आईने पाय उचलला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"थांबा, थांबा," मेकॅनिक म्हणाला. "इंजिनाचा डोक्या उघडूच्या आधी टॅपेट बघूया. फुकटचा काम आसा."

टॅपेट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. प्रत्येक झडप उघडण्यासाठी तिच्या डोक्यावर एक लहानसा लोखंडी हात आपटतो. हा हात आणि झडप यांच्यात कागदाइतकी फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण झडप तापली की लांबते आणि तिला लांबायला जागा लागते. ही फट एका स्क्रूने कमी-जास्त करता येते, आणि ती असते म्हणूनच तो हात आपटताना टिकटिकतो. फट नसेल तर तो हात झडपेवर कायमचा टेकून राहतो, आणि फटीत चप्पल अडकलेल्या दारासारखी ती झडप पूर्ण मिटत नाही. फट निवलेल्या इंजिनावर मोजायची असल्यामुळे आम्हाला तासभर थांबावे लागले. भावाने सर्वांसाठी वरून चहा आणि पोहे आणले. दादा मात्र पोह्यांची बशी घेऊन गाडीपासून बरेच दूर, कुंपणाशी जाऊन उभे राहिले होते. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

अकरा वाजता मेकॅनिकने इंजिनावरचे झाकण काढले आणि पातळ पोलादी पात्यांचे मापक एकेका फटीत सरकवून पाहू लागला. सात फटींत पाते कमी-अधिक घट्ट का होईना, पण गेले. आठवी फट तिसऱ्या सिलिंडरची होती, धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेची. तिच्यात सर्वांत पातळ पातेही शिरेना.

"ह्यो कोणी आवळल्यान?" त्याने मान वर करून विचारले.

मी भावाकडे पाहिले. भावाने माझ्याकडे पाहिले. मग आम्ही दोघांनी कुंपणाकडे पाहिले.

"वाजत होतं ते," दादा म्हणाले.

खुलासा टप्प्याटप्प्याने झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांना दुपारी झोपण्याची सवय होती. एकदा जिन्यात ते दादांना म्हणाले होते, "तुमची गाडी म्हणजे शिवणयंत्रच की हो." दादांना हे फार लागले. त्यांनी झाकण उघडून कोणता टॅपेट सर्वांत जास्त टिकटिकतो ते शोधले, आणि गळक्या नळाची चावी आवळावी तसा त्याचा स्क्रू थोडा आवळला. आवाज कमी झाला. मग दर महिन्याला, आम्ही शाळेत आणि कचेरीत असताना, आणखी थोडा. गाडी पूर्ण मुकी झाली, तो दिवस त्यांना चांगला आठवत होता. त्याच सुमारास ती सकाळी सुरू व्हायला त्रास देऊ लागली हेही आठवत होते, पण या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध असेल अशी शंका त्यांना आली नव्हती.

"आवाज बंद झालो खरो, दादा," मेकॅनिक म्हणाला, "पण हिचो श्वास पण बंद केलात तुमी. टॅपेट थोडो वाजूकच होयो. तुमका काय वाटता, ही पेटी आसा? सुरात वाजताली?"

"आणि मला चढावर उतरवलंत," आई म्हणाली. "वजन कमी करायला."

दादांनी बशीतला शेवटचा शेंगदाणा शोधून खाल्ला.

मेकॅनिकने सर्व फटी मापाप्रमाणे ठेवल्या. आई पुन्हा जागेवर बसली, गेज पुन्हा तिसऱ्या सिलिंडरला लागले. काटा सत्तर ओलांडून गेला, नव्वद ओलांडून गेला आणि शहाण्णववर थांबला.

शहाण्णव. पासाला चार कमी.

"ताई, चार पाउंडांचं काय एवढं," भाऊ म्हणाला. मला आश्चर्य वाटले, कारण हे म्हणणारा तोच होता. "दे की ग्रेस."

मी शाळेत कधी वाढीव गुण दिले नव्हते, आणि त्याबद्दल शिक्षकांच्या खोलीत माझी जी चेष्टा होई ती मला ठाऊक होती. करार मीच घडवून आणला होता, आकडा सर्वांच्या देखत ठरला होता. आईने माझ्याकडे पाहिले नाही, आणि तेच अधिक अवघड होते. मी वहीची पाने मागे उलटली. पहिल्या पानावर, शुक्रवारी गॅरेजमध्ये घेतलेल्या टिपणात, माझ्याच अक्षरात पहिली अट लिहिलेली होती. मोजणी गरम इंजिनावर करणे.

"ही चाचणी ग्राह्य नाही," मी म्हणाले. "इंजिन थंड आहे."

"बाई बरोबर बोलतत," मेकॅनिक घाईघाईने म्हणाला. "थंड इंजिनाचो दाब कमीच येता. आणि झडप पण जरा बसात."

साडेअकरा वाजले होते. प्लग परत बसवले, वायर जोडली. दादांनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच फेरीला सुरू झाली. टिकटिक, टिकटिक. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि त्या गृहस्थांचे डोके बाहेर आले.

"पुन्हा वाजायला लागली वाटतं!"

दादा काही बोलण्याआधीच आईने खालून उत्तर दिले. "वाजतेय हो, भाऊजी! पण दुपारी आम्ही घरात नसू, तेव्हा खुशाल झोपा!"

मला तिच्या आत्मविश्वासाची धास्ती वाटली. अजून आकडा यायचा होता.

पंधरा मिनिटे इंजिन तापवून पुन्हा प्लग काढले. आईने पाय तळाशी नेला. काटा चढला, थरथरला आणि थांबला. भाऊ डावीकडून वाकला होता, त्याने अठ्ठ्याण्णव वाचले. दादा उजवीकडून वाकले होते, त्यांनी एकशे दोन वाचले. काटा तिरक्या नजरेने वाचू नये, डोळा काट्याच्या अगदी समोर धरावा, हे मी दरवर्षी जूनमध्ये पहिल्याच तासाला शिकवत असे. मी दोघांना बाजूला केले, चष्मा पुसला, गेजच्या समोर वाकले आणि एक डोळा मिटला.

"शंभर," मी म्हणाले.

कोणीही हरकत घेतली नाही. त्या आकड्याविषयी मी नंतर पुष्कळदा विचार केला आहे. माझी नजर समोरच होती याची मला खात्री आहे. चष्मा मी इतका वेळ का पुसत होते, हे मात्र मला नीट सांगता येत नाही.

मेकॅनिकने दादांना सांगितले की ती झडप थोडी जळली आहे, वर्षभरात केव्हातरी घासून घ्यावी लागेल, आणि तोवर टॅपेटला हात लावलात तर मी बाईंना येऊन सांगेन. दादांनी मान डोलावली. बारा वाजता कुर्ल्याचा माणूस आला. बॉनेट उघडे होते, इंजिन पुन्हा चालू होते. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, कान देऊन ऐकले आणि भावाला बाजूला घेऊन म्हणाला, "क्या भाई, ये तो अच्छी चल रही है. चलती गाडी काटने का पाप मेरे से क्यों करवाते हो?" भावाने त्याला चहा पाजला आणि रिक्षापर्यंत सोडून आला. परत येताना त्याने पेट्रोलचा डबा भरून आणला, पण तो स्वतःहून आणल्याचे त्याने कबूल केले नाही.

तो दिवस गुरुवार नव्हता, तरी जेवणे उरकून आम्ही निघालो. आई पुढे, मी मागे. पवईचा चढ सुरू झाला तेव्हा दादांनी गिअर बदलला आणि पाय नेहमीच्या जागी टेकवला. आईने शेजारून त्यांच्याकडे केवळ पाहिले. दादांनी पाय थोडा खाली नेला. गाडी टिकटिकत, न थांबता वर गेली.

मुलुंडला मावशी खिडकीकडे तोंड करून पडली होती. आमचा आवाज ऐकून तिने मान वळवली, पण चेहऱ्यावर आनंद दाखवायचा नाही असे तिने ठरवले असावे.

"पाच आठवडे," ती म्हणाली. "माझी वेणी सून घालते. दोरखंड वळल्यासारखी घालते. कुठं होतीस तू?"

"गाडी बंद होती गं, अक्का."

"काय झालं होतं तिला?"

आईने दाराशी उभ्या असलेल्या दादांकडे एक दृष्टिक्षेप टाकला. "काही नाही. ह्यांना तिचं बोलणं सहन होईना."

"मग इतकी वर्षं तुझं कसं सहन केलं?"

"चाळीस," दादा दाराशीच म्हणाले.

मावशी हसली, आणि मग हसल्याबद्दल स्वतःवरच रागावली. तिने दोन्ही हातांनी धरून आपला मोडका पाय भिंतीकडे सरकवला. आई त्या मोकळ्या जागेत बसली आणि उशीखालची फणी शोधू लागली.